तिसऱ्या उघाडीचा डबा

नाही नाही, बस ना, उभी कशाला — ते स्टूल घे, त्याच्यावरची बिलबुकं खाली ठेव, चालतंय. दत्तारामभाऊंची चांदणी ना तू? तोंड उघडायच्या आधीच ओळखलं मी, कपाळ त्यांचंच आहे. आई म्हणालीच होती फोनवर, पाठवते तिला दुकानावर म्हणून. आणि — हां, बाबांची ती वही पण आणलीस. कव्हर मीच घातलंय तिला. असू दे, नको उघडूस आत्ता, कुठल्या पानावर काय आहे ते मला पाठ आहे. शेवटी त्यांच्या हाताने लिहिलंय — डबा अकरावा, मुर्धा, तिसरी उघाडी, पहिला पोचला हरिश्चंद्र. हरिश्चंद्र म्हणजे मीच. नाव पण काय ठेवलंय बघ बापाने.

तुला हे सगळं खूळ वाटत असेल. आमच्या हिलाही वाटतं — मुंबईत लोक डबे पोचवतात, तुम्ही लपवून येता, म्हणते. सुरुवात त्या सिल्व्हर पार्कच्या नीरजने केली, दोन हजार चारला. कंपनीने त्याला सहा महिने इंग्लंडला पाठवलेलं, तिकडे म्हणे एका माळावर लोक दीडशे वर्षं हे करतायत. डब्यात एक शिक्का, शाईचं पॅड, एक वही, आणि डबा ठेवायचा अशा जागी की माणसाने घाम गाळल्याशिवाय हाती लागू नये. पत्ता सरळ द्यायचा नाही, खुणा द्यायच्या. जो पोचेल त्याने डब्यातला शिक्का स्वतःच्या वहीत मारायचा, आणि स्वतःचा शिक्का डब्यातल्या वहीत. बस, एवढंच. बक्षीस नाही, काही नाही. आता शिक्के म्हटल्यावर नीरज येणार कुठे? इथेच. सोसायट्यांचे, डॉक्टरांचे, "ट्रू कॉपी"चे शिक्के करून करून कंटाळलेला मी — मी पण लागलो नादाला. सात जण होतो. उत्तनच्या खडकांत डबे, पालीच्या मागच्या कड्यावर, घोडबंदरच्या जंगलात. आणि एक नियम आमचा आम्हीच केला होता, इंग्लंडवाल्यांचा नाही — डब्यातल्या वहीचं पहिलं पान पहिल्या माणसाचं. ठेवणारा त्याच्यावर काहीतरी लिहितो, पहिला पोचणारा वाचतो, पान फाडून घरी नेतो. दोघांतच राहतं ते. कोणी जोक लिहायचं, कोणी आंबोळीची रेसिपी. तुझ्या बाबांनी ते मनावर घेतलं.

ते आमच्यात आले कसे, तर आम्ही तुमच्या मिठागराच्या बांधावर डबा लपवताना पकडले गेलो. त्यांना वाटलं बिल्डरची माणसं, मापं घ्यायला आली. मग समजल्यावर हसले, म्हणाले, "मला शिकवा, मला तर सगली खाडी पाठ हाय." — मुकादमकी गेली होती ना, मिठागर बंद पडलेलं, दिवस खायला उठायचा. आमच्यात सगळ्यात अवघड डबे त्यांचे. हा अकरावा — उघाडी म्हणजे काय ते तुला मी काय सांगणार, आगराचं पाणी आतबाहेर करायचं दार, तूच त्याच्यावर बसून पाय सोडत असशील लहानपणी — त्या तिसऱ्या उघाडीच्या दगडाखाली. तिवरांतून, चिखलातून, आणि ओहोटीला दीड तास मिळतो तेवढाच. जानेवारीत स्वतः जाऊन ठेवून आले आणि फेब्रुवारीत अंथरूण धरलं त्यांनी. शिक्का आधीच माझ्याकडून करून घेतलेला. तसं प्रत्येकाने आपला आपण कोरायचा असतो, पण त्यांचा हात थरथरायचा. मिठाची रास आणि वर एक चांदणी. हो. चांदणीच.

मग? मग मी गेलो ना. सांगितलंय की आईला, बाराव्याला. पान वाचलं, त्यात लिहिलं होतं — काय म्हणालीस? नेमके शब्द? पान दाखवा?

पान ... चहा घेतेस का? नको. बरं.

हे बघ, मी गेलो होतो. हे खरंय. गुरुवार होता. नीरज रविवारी जाणार होता आणि त्याचे पहिले डबे माझ्यापेक्षा दोन जास्त झाले होते — ऐक, हसू येईल तुला, बावन्न वर्षांचा घोडा, आणि ह्या गोष्टीसाठी रात्री झोप नाही. बांधापर्यंत गेलो. उतरलो. वीस पावलं गेलो असेन, चिखल मांडीपर्यंत, गुडघा असा कळवळला — आणि भीती वाटली. उगाच गुडघ्याचं नाव कशाला घेऊ, भीतीच वाटली. परत वर आलो, बांधावर बसलो, पाय पुसले, घरून आणलेली चिक्की खाल्ली आणि दुकानावर आलो. आणि इथे, ह्या ड्रॉवरमध्ये — रबर कापताना मी नेहमी दोन काढतो, एक बिघडलं तर दुसरं असावं म्हणून. तुझ्या बाबांच्या शिक्क्याचं दुसरं रबर पडलं होतं. लाकडाला चिकटवलं. माझ्या वहीत मारलं. पाच मिनिटं पण नाही लागली.

अशी बघू नकोस. बघ, बघ, तुझा हक्क आहे.

आमच्यात रीत अशी, पहिल्याने जाऊन ठेवणाऱ्याला छाप दाखवायची. गेलो तुमच्या घरी. वहिनी लिंबूसरबत करायला आत गेल्या. भाऊ उशीला टेकून बसलेले, वही हातात घेतली, खिडकीकडे धरली. बराच वेळ. मला वाटलं, नजर कमी झाली असेल. मग म्हणाले, "वाचलंस?" मी म्हटलं, हो. म्हणाले, "मंग करशील ना?" काय करायचं ते मला ठाऊक नाही — आणि मी म्हटलं, करीन. भाऊ, शब्द देतो, म्हटलं. एवढं बोलायची पण गरज नव्हती. त्यांनी माझा हात धरून ठेवला, वहिनी सरबत घेऊन येईपर्यंत.

आणि पुढचं मी कोणालाच सांगितलेलं नाही, नीरजला पण नाही. भाऊ गेल्यावर तो सहज बोलून गेला — त्या डब्यासाठी भाऊंनी त्याच्याकडून हिरव्या शाईचं पॅड मागवून घेतलं होतं, हिरवंच पाहिजे म्हणाले. माझ्या वहीतली छाप जांभळी आहे. दुकानातलं पॅड जांभळं. म्हणजे खिडकीकडे वही धरली तेव्हाच त्यांना कळलं होतं, चांदणी. पहिल्या नजरेत. आणि तरी विचारलं, वाचलंस? तरी विचारलं, करशील ना? का विचारलं असेल? मी सहा महिने हाच विचार करतोय. मला वाटतं, त्यांनी हिशेब केला — दुसरं कोणाला सांगायला ताकद नाही उरली, तर हा लाजेने तरी जाईल. आता तरी जाईल. त्यानंतर अठरा दिवस जगले ते. अठरा दिवसांत ओहोटी रोज दोनदा येते. मी नाही गेलो. नीरजला पण म्हटलं, पान मी आणलंय, आता चिखलात कशाला मरतोस, उन्हाळ्यात जा. म्हणजे जो जाणार होता त्याला पण मीच थांबवलं.

बाराव्याला वहिनींनी मला ओट्यावर बोलावलं. म्हणाल्या, जाताना म्हणत होते हरिश्चंद्रला इचारा, त्याला म्हाईत हाय. काय लिवलं होतं? चार बायका बघतायत, वहिनींचे डोळे असे — आणि माझ्या तोंडून निघून गेलं. चांदणीला घरी आणा, असं लिहिलंय. तू कुलदीपशी लग्न करून गेलीस, सहा वर्षं बापलेकीचं बोलणं नाही, हे सगळ्या गावाला माहीत. म्हटलं, दुसरं काय लिहिणार माणूस? आणि एकदा सुरू झालो ते थांबलोच नाही — चूक माझी होती, लिहिलंय म्हटलं. जावयाला पाटावर बसवा, लिहिलंय. वहिनी रडायला लागल्या, बायका रडायला लागल्या, मी पण रडलो. तुला फोन गेला त्याच संध्याकाळी.

गेलो, नंतर गेलो! चौथ्या दिवशी, काठी घेऊन, गुडघ्याला पट्टा बांधून. म्हटलं बुडालो तरी चालेल. बांधाच्या पलीकडे डंपर उभे होते. भरणी चाललेली — विटा, लाद्या, तुटके कमोड — पहिली उघाडी दिसत होती, दुसरी अर्धी. तिसरीवर पंधरा-वीस फूट डेब्रिस. मी त्या ड्रायव्हरला म्हणतोय, भैया, नीचे मेरा डब्बा है. तो हसला. त्याला काय दोष.

तर हे असं आहे. पान मी कधी पाहिलंच नाही. काय लिहिलं होतं ते तुझ्या बाबांना ठाऊक आणि त्या मातीला. कदाचित तेच असेल. कदाचित दुसरंच काही, तुझं नावही नसेल. शिव्या दे मला. आईला सांगायचं तर मी येतो, तिच्यासमोर उभा राहतो — नको? आईला नको सांगू म्हणतेस? बरं.

काय?

परत सांगू? बाबांनी जे लिहिलं असं मी म्हटलं, ते? आत्ता, खोटं आहे हे कळल्यावर? ... एकदाच. बरं. एकदाच ना. तू डोळे मिटू नकोस असे, मला — "चूक माझी होती. चांदणीला घरी" —

नाही गं. नाही येत तोंडातून. जा बाळ तू. जा.