होम सिग्नल लाल

—तेच तर सांगून राहिलो बेटा, पेटते, पण शिजवत नाही! पेटते म्हणजे कशी, काचेखाली लालबुंद होते, बघत बसावं अशी, आणि मग एकदम धोका दाखवते—की मी बंद करतो. नऊ दिवस झाले. नऊ दिवसांत या शेगडीवर एक कप चहा उकळलेला नाही. ये ना, आत ये, चपला राहू दे, फरशी मला अजून एकदा पुसायचीच आहे. शेगडीच्या कंपनीची नूतन ना? गळ्यातल्या कार्डावर वाचलं. मी शालिग्राम, सगळे आबा म्हणतात, तूही आबाच म्हण. हा फोन मी इथं ओट्यावर ठेवतो हं, वाजला तर मला उचलावा लागेल, कारण आमची बाई आज येऊन राहिली! धुळ्याहून! दोन महिने नि चार दिवस लेकीकडे होती देवपूरला, आज येते. आत्ताच फोन आला, जळगाव सोडलं म्हणे, नशिराबादला परत करते म्हणाली. म्हणजे आता नशिराबाद, मग भुसावळ, मग रिक्षा, मग आपलं गेट. आणि येते कशानं? एस्टीनं! चौतीस वर्षं रेल्वेचं इंजिन चालवलेल्या माणसाची बायको, आणि लाल परीत खिडकीशी बसून येते. मी म्हटलं, अगं, चाळीसगाववरून गाडी बदलून ये, तर म्हणाली, तुमची रेल्वे मला पूर्ण खान्देश फिरवून आणेल. हसतेस काय, खरंच म्हणाली. दोन महिन्यांत पहिल्यांदा अशी बोलली.

काय दिसतं गं? वायर ना? वायर बघच तू. जाडजूड, थेट मीटरपासून स्वतंत्र ओढून घेतली, अर्थिंग मी स्वतः तपासलं. डोक्यावर पंचवीस हजार व्होल्टची तार घेऊन आयुष्य काढलं, मला घरातल्या दोनशे तीसची काय भीती! तुमच्यातले ते दोघं आले होते बसवायला—तुमचे नसतील, दुकानाचे असतील—त्यांनी प्लग लावला, चार चुली एकेकदा लावून बघितल्या, फोटो काढला, म्हणाले आबा एक सही, आणि निघाले. पुस्तक द्या म्हटलं, तर खोक्यातच आहे म्हणे. खोक्यात पुस्तक होतं, पण मायक्रोवेव्हचं! मी पूर्ण वाचलं. अकरा पानं. पॉपकॉर्न कसे करायचे ते मला आता पाठ आहे.

मग गॅस असताना ही का घेतली, हे तूही विचारणार. सगळेच विचारतात. सांगतो, तू काम कर, मी बोलतो, आज मला बोलल्याशिवाय राहवत नाहीये. कोरोनात तिचा वास गेला—म्हणजे वास येणं गेलं. सगळ्यांचं परत आलं, तिचं आलंच नाही. मोगरा नाकाला लावला तरी काही नाही. आणि एका मंगळवारी संध्याकाळी तिनं गॅसवर दूध ठेवलं आणि विसरली. दूध उतू गेलं, जाळ विझला, गॅस तसाच सुरू. घरभर वास, तिला पत्ता नाही. देवाजवळ दिवा लावायला काडीपेटी घेतली होती तिनं, बेटा. काडी बाहेर काढलेली. मी दारातून ओरडलो, काडीपेटी हिसकावली, खिडक्या उघडल्या, वाचलो. पण तेव्हापासून हबकली ती. दिवसातून वीसदा गॅसचं बटण बघायची. म्हणायची, मला दूध ठेवल्याचं आठवतच नाही हो, म्हणजे माझं डोकं चाललं. पहूरला तिची आई शेवटी शेवटी माणसं ओळखत नव्हती, तेच आपलं सुरू झालं असं घेऊन बसली. स्वयंपाकघरात पाय ठेवेना. मग कामिनी, आमची लेक, घेऊन गेली. तिथं डॉक्टरनं महिने उलटे म्हणायला लावले, वजाबाक्या घातल्या, चित्रं दाखवली—बठ्ठं, सगळंच बरोबर! काही झालेलं नाही म्हणाले. पण हिला पटेल तर ना. मग ते दूध मला का आठवत नाही, म्हणते. आणि आज येते ती काही राहायला येत नाहीये. उरलेले कपडे आणि देव घ्यायला येते. मलाही चला म्हणते, घराला कुलूप लावून. म्हणून ही शेगडी, समजलं? जाळ नाही, नळी नाही, वासाचं कामच नाही. ती आत आली, हिच्यावर स्वतःच्या हातानं चहा केला, की राहिलीच म्हणून समज. आता तूच सांग, चालू होईल ना? होईल ना गं?

नाही, ओव्हन एकदाच लावला. तो विषय काढू नकोस. बरं, सांगतो. मला वाटलं ती आल्यावर भरीत करू, तर एक वांगं आत भाजून बघावं. वांग्याला टोचायचं असतं हे कोणाला माहीत? आपल्याकडे शेतात काट्याकुट्यांचा जाळ करून वांगी भाजतात तेव्हा टोचणारा दुसराच असतो, मी आपला खाणारा! दहा मिनिटांनी आतून धूर—नवा ओव्हन पहिल्यांदा धूर काढतोच म्हणतेस? हे ते पॉपकॉर्नवाले सांगत नाहीत—आणि धूर बघायला वाकलो तर आत फटाका! शेजारचा झुलाल वाळूची बादली घेऊन पळत आला. ‘आबा, हाई काय शे?’ मी म्हटलं, वांगं शे. त्यानं बादली खाली ठेवली आणि पायरीवर बसून असा हसला, असा हसला, की मला त्यालाच पाणी पाजावं लागलं.

हं, दाखवतो ना, मी कसं लावतो ते दाखवतो. बाजूला हो थोडी. हे पातेलं, हे पाणी, दोन कप. आता बटण. मी मोठ्यानं पुकारतो, हसू नको, सवय आहे. इंजिनात सिग्नल दिसला की ड्रायव्हरनं पुकारायचा, असिस्टंटनं तोच परत पुकारायचा, म्हणजे दोघांपैकी एकाचा डोळा चुकला तरी दुसऱ्याचा चुकत नाही. तू आज माझी असिस्टंट. मेन स्विच—चालू! म्हण ना. शाब्बास. पुढची डावी—चालू! ही बघ काचेखाली लाल झाली. हा लाल नाही मोजायचा, हा निखारा आहे, निखारा लाल असणारच. आता इकडे बघ, बटणाच्या वर, हा एवढासा दिवा. बघत राहा. बघत राहा... आला! लाल! बंद—

हात का धरलास? सोड बेटा, लाल आहे! अगं चौतीस वर्षं नोकरी केली मी, एक लाल ओलांडला नाही. माहीत आहे तुला, लाल ओलांडला तर काय असतं? गाडी जिथल्या तिथं उभी करायची आणि स्वतः खबर द्यायची. स्वतः! कोणी बघितलं का, कोणी विचारलं का, याची वाट बघायची नाही. माझ्यावर ती वेळच आली नाही. स्टेशनात शिरायच्या आधीचा जो सिग्नल असतो ना, त्याला होम म्हणतात. समोर स्टेशन दिसतंय, घर दिसतंय, पोटात भूक आहे, पण होम लाल आहे ना, मग तासभर उभं राहायचं. मी राहिलोय. आणि तू मला घरातल्या घरात—

काय? परत सांग.

गरम आहे म्हणून लागतो? नुसतं... काच गरम आहे, हात लावू नका, एवढंच? म्हणजे हा थांबा म्हणतच नाहीये? म्हणजे नऊ दिवस ही बिचारी सांगून राहिली की मी तापले, मी तापले, आणि मी दरवेळी तिला—अरे देवा! अगं माय! नऊ दिवस! दिवा लागला की मी बंद करायचो, विझायची वाट बघायचो, घड्याळ लावून बसायचो, आणि विझला की परत सुरू, की परत लाल! झुलालला म्हटलं, सिग्नल फेल आहे. तक्रार केली तेव्हा तुमच्या फोनवरच्या पोरीला म्हटलं, बाई, सिग्नल फेल आहे, तर ती म्हणाली मोबाईलच्या दुकानात जा! हस, पोटभर हस, मीही हसतो. कोणाला सांगू नको. नाही, सांग, सगळ्यांना सांग! काही बिघडलेलंच नाही म्हणतेस? बघ, बघ, बुडबुडे! पाणी हललं! उकळतंय गं! नूतन, उकळतंय! आणि मधेच ही खालची लाली गेली ती? आपोआप जाते, आपोआप येते? जाऊ दे, येऊ दे, हुशार आहे, माझ्यापेक्षा हुशार आहे.

थांब, चहा घेतल्याशिवाय जायचं नाही. साखर किती? आज पहिला चहा तुझा. आणि हे दूध. दूधच ठेवतो आधी, मागच्या चुलीवर, तिच्यासमोर दूधच तापवून दाखवणार आहे मी. आता उतू गेलं तरी विझायला जाळच नाही! तो समोरच्या रुळावरचा मालगाडीवाला हॉर्न देऊ दे, ते नवं लांबलचक इंजिन येऊ दे, मी दूध ठेवून गेटवर बघायला गेलो आणि दहा मिनिटं तिथंच रमलो तरी काही होणार नाही, त्या दिवशीसारखं—

काय झालं? अशी का बघून राहिलीस?

मी काय म्हटलं? गेटवर... नाही गं, ते आपलं उदाहरण. दूध तिनंच—साखर सांगितली नाहीस तू. एक चमचा? बरं. एक.

हं.

तू तर असिस्टंट झालीस माझी, डोळा चुकला नाही तुझा. मीच ठेवलं होतं दूध. ती गच्चीवर वाळलेल्या कुरडया गोळा करत होती, मी म्हटलं आज चहा आपण करू, दूध ठेवलं, आणि हॉर्न ऐकला. रिटायर झालो तरी हॉर्न ऐकला की पाय निघतात माझे. परत आलो तर दारातच वास, आणि ती समोर, हातात काडी. इतका भ्यालो मी, इतका भ्यालो की ओरडलो, ‘दूध ठेवून कुठं गेली होतीस!’ तोंडातून गेलं. तिनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, मी ठेवलं होतं? आणि मी हो म्हटलं. तिथं थांबलो असतो तर एका मिनिटात संपलं असतं. वाटलं रात्री सांगू, मग उद्या सांगू, आणि उद्यापर्यंत ती स्वतःच सगळ्यांना सांगायला लागली की माझं डोकं चाललं. मग कसं सांगायचं? डॉक्टरकडे नेलं तेव्हा मी इथं बसून फोनवर विचारत होतो, काय म्हणाले, काय म्हणाले. मला माहीत होतं काय म्हणणार ते! तिचं डोकं माझ्यापेक्षा लख्ख आहे. रोज फोनवर एकच विचारते, गॅस बंद आहे ना हो? आणि मी, बंद आहे, बंद आहे. वाटलं शेगडी बदलली की सगळं मिटेल. मोठी घेतली, चार चुलींची, ओव्हनवाली. एकदा आवडली तिला, की मग कशाला जुनं काढायचं—

फोन वाजला. उचलतो. हां, बोल. हां. कुठं? रिक्षात? कोपऱ्यावर आलीस? नशिराबादला फोन करणार होतीस ना? हां... हां, बंद आहे. बंद आहे गं. ये.

आली. तो रिक्षाचाच आवाज. चूल बंद केली तरी दिवा बघ, अजून लाल. आता नाही भीत मी त्याला, पण बरं झालं लागला, स्वतः खबर द्यायची राहिलीय माझी. बेटा, कुठं सही करायची, आण लवकर. फोनवर आलेला तो नंबर हवा? चार सात शून्य एक. पाचपैकी पाच दे, तूच दाब. चहा राहिला तुझा, उद्या ये, परवा ये, आम्ही असलो तर दोघं असू, नसलो तर... ये तू. आता जा. मागच्या दारानं जा, कडी खाली आहे, ओढून घे. रागावू नको, पाहुणा असला की मी परत बोलत बसेन, आणि शेगडीचंच बोलेन. वांग्याचं सांगून हसवेन तिला, ती हसेल, आणि झालं, राहूनच जाईल. अडतीस वर्षं तिला नावानं हाक मारली नाही बघ मी, म्हणायचं ते ‘ऐकलं का’, एवढंच. जा ना गं. गेट वाजलं. जा.

ये, ये. बॅग दे इकडे. हो, बंद आहे. ती? ती नवी आहे, नंतर दाखवतो. नाही, चहाही नंतर. आधी बस तू. इथं, माझ्यासमोर बस.

ऐकलं का—त्या दिवशीचं दूध मी ठेवलं होतं.