ब्रेकमध्ये राहिलेली हवा

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आणि या गॅरेजच्या मालकीणबाई, व्यासपीठावरील मान्यवर, चौतीस वर्षांच्या कामानंतर आज निवृत्त होत असलेले आपले सत्कारमूर्ती पानाकाका, त्यांच्या पत्नी, इथले सर्व कारागीर, आणि आपापल्या गाड्या बाहेर उन्हात उभ्या करून आलेले माझे गाडीमालक मित्र हो,

पानाकाकांबद्दल चार शब्द बोलायला मला का सांगितलं, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. या गॅरेजवर अविश्वास दाखवणाऱ्यांत माझा नंबर बराच वरचा होता. गाडीखाली उतरून काम करायच्या ज्या खड्ड्यावर फळ्या टाकून हे व्यासपीठ केलंय, त्याच्या काठावर हाताची घडी घालून मी उभा राहायचो. काकांचा हात गाडीत आणि माझी नजर काकांच्या हातावर. "हा बोल्ट का काढला? तो पार्ट खरंच खराब आहे का?" मी शाळेत विज्ञान शिकवायचो. प्रश्न विचारणं हा माझा पेशाच. काका उत्तरं द्यायचे, पण कामावरचं लक्ष उडायचंच की.

एकदा असंच काकांनी मागचं चाक काढून बसवलं. मी गाडी घेऊन निघालो. सोबत पत्नी होती. पेट्रोल पंपावर आम्ही रांगेत उभे असताना एक स्कूटर थेट आमच्यासमोर येऊन आडवी थांबली. काका! डोक्याला हेल्मेट नाही, एका हाताला जेवणाचं खरकटं तसंच.

"मास्तर, गाडी हलवू नका. मागच्या डाव्या चाकाचे नट मी नुसते बोटांनी फिरवलेत. पान्यानं आवळायचे राहिले. चूक माझी आहे."

आठ-दहा माणसं ऐकत होती. 'हवा बघायला आलो' म्हणाले असते तर कुणाला कळणार होतं? त्यांनी गुडघ्यावर बसून नट आवळले, चारही चाकं तपासली. मी काय केलं? तिथंच त्यांना नको नको ते बोललो. परतताना पत्नी एवढंच म्हणाली, "पण ते आले ना."

मला ते पटलं नाही. ज्याला नट आवळायचं भान नाही त्याच्या हाती गाडी कशाला द्यायची? मी पान्यांचा संच आणला, जाडजूड पुस्तक आणलं आणि दोन वर्षं माझी गाडी मीच सांभाळली. खोटं कशाला बोलू, बरीच कामं चांगली जमली. तेल बदललं, प्लग बदलले, फिल्टर बदलले. स्वतःची गाडी स्वतः ओळखावी, हे माझं मत आजही कायम आहे. पण माणसाला चार गोष्टी जमल्या की पाचवी आपोआप येते असं वाटू लागतं. मी ब्रेकचं तेल बदलायला घेतलं. गल्लीत एक फेरी मारली. ब्रेक लागले. मी हात धुतले.

दुसऱ्या दिवशी पत्नी तिच्या वडिलांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन निघाली. वाचनालयाच्या उतारावर तिनं ब्रेक दाबला, तर पेडल थेट तळाला गेलं. तिनं हँडब्रेक ओढला आणि रस्त्यावरची माणसं चुकवून गाडी कुंपणाच्या भिंतीवर घातली. तिला खरचटलं. सासऱ्यांच्या खांद्याचं हाड मोडलं.

मी दवाखान्यात पोहोचलो आणि मंडळी, माझं पहिलं वाक्य काय होतं? "घाबरून तू ब्रेकऐवजी क्लच दाबला असशील."

पुढचे दोन दिवस मी सगळ्यांना तेच सांगत होतो. सासऱ्यांनाही सांगितलं. ते नुसतं "असेल" म्हणाले. तिसऱ्या दिवशी पत्नीनं मला न विचारता गाडी ओढून इथं आणवली. मीही मागोमाग आलो. काकांनी पेडल दोनदा दाबलं, चाकाजवळ जाऊन तेल काढलं. तेलाबरोबर बुडबुडे आले.

पत्नीनं विचारलं, "काका, क्लच दाबल्यानं असं होतं?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. दोन वर्षांचा हिशेब चुकता करायची एवढी चांगली संधी! ते म्हणाले, "ताई, हे मास्तरांनाच विचारा. त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे."

आणि मला माहीत होतंच. द्रव दाबला जात नाही, हवा दाबली जाते. नववीच्या वर्गाला मी हा धडा सव्वीस वर्षं शिकवला होता. तेल भरताना नळीत हवा राहिली होती. ती मी ठेवली होती. मी म्हणालो, "चूक माझी."

हे मी काकांकडे बघून बोललो. घरी जाताना बसमध्ये आम्ही शेजारी बसलो होतो, तेव्हाही तिच्याकडे बघून ते वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही. नंतर गाडी नीट झाली, सासऱ्यांचं हाड जुळलं, विषय मागे पडला. मी पुन्हा इथं येऊ लागलो. खड्ड्याच्या काठी उभं राहणं मात्र सोडलं. बाकावर बसून वर्तमानपत्र वाचायला शिकलो.

चुकत नाहीत म्हणून काकांवर माझा विश्वास बसला असं नाही. त्यांची चूक त्यांनी स्कूटरवरून पाठलाग करून मला आणून दिली. माझ्या चुकीमागे धावणारं कुणी नव्हतं, कारण ज्यानं धावायचं तो माणूस मीच होतो, आणि मी हात धुऊन बसलो होतो. काका, त्या दिवशी पंपावर मी जे बोललो ते आज परत घेतो. उशीर झालाय, पण घेतो.

आपण शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर सभागृह मोठ्या मनानं पोटात घालेल, याची खात्री आहे. फक्त तिसऱ्या रांगेत, खिडकीपाशी, माझी पत्नी बसली आहे. तिला हे सभागृहाबरोबर मोघम सांगून चालणार नाही.

तू क्लच दाबला नव्हतास. चूक माझी होती.