हंबीररावांची फाईल

— न्हाय, न्हाय, पुसलेली न्हाय. कुठं गेली न्हाय तुमची फाईल, बाळासो. ह्या फ्लॉपीतच गप बसलीया — ही बघा, तुमच्या दूध संस्थेची सभासदांची यादी, सगळीच्या सगळी. कसं असतंय, फाईलच्या नावाच्या शेवटाला एक टिंब, आन् टिंबाम्होरं तीन अक्षरं. यादीचा प्रोग्राम तेवढी तीन अक्षरं बघतो. डीबीएफ दिसलं की म्हणतो, ही आपली. न्हाय दिसलं तर फाईल नाकासमोर असली तरी म्हणतो, कुठाय? आता तुमच्या फाईलला ती अक्षरं हायत का? न्हाईत. हितं काय लिवलंय — हंबीर, टिंब, राव.

व्हय, चेअरमनांचं नाव हंबीरराव, संस्थेलाबी त्येंचंच नाव, मला काय ठाव न्हाय व्हय? पर मशीनला टिंबाआधी आठाच्या वर अक्षरं चालत न्हाईत, आन् इंग्रजीत हंबीरराव लिवलं की नऊ हुत्यात. म्हणून आमच्या पोरीनं, सलिमानं, तुमच्या हापिसात यादी भरताना नुसतं हंबीर ठिवलतं. आन् तुम्ही म्हणालासा, साहेबांना असं अरेतुरे करायचं? मानाचा राव कुठं बसवायचा — तर टिंबाम्होरं तीन अक्षरांची जागा हायच की. ती नगो नगो म्हणत हुती, तरी सवता बसून बदललंसा... मला कसं ठाव? तिनंच — जाऊ द्या. सांगायचं न्हवतं मला. सलिमानं शपथ घातलीया. पर आता तोंडातनं गेलंच, तर ऐका.

चार दिसांमागं सकाळी यादी उघडंना, तवा चेअरमन सगळ्यांच्या देखत म्हणाले, पगार वाढवला न्हाय म्हणून गौसच्या पोरीनं खुन्नस काढली, फाईल पुसली. मशीनला हातबी लावू दिला न्हाय तिला, दारातनंच घालवली. तुम्ही तितंच हुतासा, खाली मान घालून. ती का बोलली न्हाय म्हायतीय? म्हणली, अब्बा, बाळासोकाकांनी मला कामाला लावलं, त्येंचीच नोकरी गेली तर? — घ्या. ह्याच मशीनवर शिकवली तिला मी, हितं बसून. आजऱ्याचं स्थळ आलतं, घर चांगलं, पोरगा शिकलेला. त्येंनी निरोप धाडला — कामावर असं करती, तर घरात काय करंल? तिची आई मदिना दिसभर भिंतीकडं तोंड करून पडती. मला तर आता रागबी धड येत न्हाय बघा. नुसता कटाळा आलाय, हाडात बसलाय कटाळा.

झालं. राव काढला, डीबीएफ घातलं — उघडली तुमची यादी. एवढंच काम हुतं. पैसं ऱ्हाऊ द्यात खिशात. चेअरमनांना तेवढं सांगा, तुमच्याच हातनं झालं म्हणून, पोरीचा काय दोष न्हाय. सगळ्यांच्या देखत सांगा, तिला बोलले तसंच... काय म्हणता? फाईल आपोआप सापडली म्हणून सांगतो? आन् तिला सोमवारपास्नं गुपचूप कामावर घेतो? गुपचूप कशापायी, बाळासो? चोर हाय काय ती?

ही आलीच बघा, चहा घिऊन. ये गं सलिमा. बाळासोकाका आल्यात, तुला काय तरी सांगायचंय त्येंना.

बोला की.

बशीत काय बघताय, तिच्याकडं बघा...

बरं. ऱ्हाऊ दे, सलिमा, कप ने आत. पावणं निघाल्यात.