शोभेची आठ शिखरं

दाताच्या दवाखान्यात दाढेला भूल देऊन प्राध्यापकांना बाहेर बसवलं होतं. शेजारी दोन संशोधक पोरी लॅपटॉपशी झगडत होत्या. त्यातलं सॉफ्टवेअर प्राध्यापकांनीच लिहिलेलं, पण पोरी त्यांना ओळखत नव्हत्या.

“आपल्या नमुन्याच्या एक्स-रे आलेखात शिखरं तीनच हवीत ना गं?”

“हो, पण मोजलेल्या ठिपक्यांवर रेघ फिटच होईना. मग एकेक वाढवत गेले. आता अकरा झालीत.”

“बाकीची आठ कशाची?”

“शोभेची.”

“आणि दोन अणूंमधलं अंतर?”

“मायनस दोन.”

“अंतर मायनस?”

“सॉफ्टवेअर लिहिणारा गाढव असणार, दुसरं काय! उद्या पेपर पाठवायचाय.”

प्राध्यापकांना राहवेना. बधिर जिभेवरून ‘शिखरं’ काही निघेना, तरी ते ओरडले, “काढा! आठच्या आठ काढा!”

“अगंबाई, आठ?” पोरगी कळवळली. “आजोबा, आमच्याआधी तुम्हीच जा आत.”