दुसऱ्या सर्व्हरवरची नोंद

सोनोग्राफीसाठी नंबर लावून बसलेल्या शिक्षिकाबाईंनी मासिक तोंडासमोर धरलं होतं, पण कान शेजारच्या तरुण जोडप्याकडे होते. नवऱ्याचा फोन वाजला. त्याने नुसतं ऐकून घेतलं आणि ठेवून दिला.

“जा. सवतीचं बोलावणं आलं ना?”

“सर्व्हरमधली एक मेमरी जळली.”

“तूच म्हणाला होतास, वीज गेली तरी ती काही विसरत नाही.”

“वीज गेली तर नाही विसरत. स्वतःच जळली तर काय डोंबल आठवणार?”

“अरे देवा! रुग्णवाहिकांच्या सगळ्या नोंदी त्यातच ना? मग ऊठ की!”

“नोंदी सुखरूप आहेत. आता प्रत्येक नोंद त्याच क्षणी दुसऱ्या सर्व्हरवरही लिहिली जाते. दोन्हीकडे उमटली, तरच पक्की धरायची. पहिला बंद पडला की दुसरा काम उचलतो. आत्ता उचललंय त्याने.”

“हे शहाणपण कधी सुचलं?”

“मागच्या महिन्यात.”

“मागच्या सोनोग्राफीला मला इथेच टाकून पळाला होतास, त्यानंतर?”

“त्याच आठवड्यात.”

“आणि साहेबांना कारण काय सांगितलंस?”

“रुग्णांची सुरक्षितता.”

“लबाड!”

“अगं, तेही खरंच आहे.”

तेवढ्यात नर्सने त्यांना हाक मारली. “फोन आत चालणार नाही हं.”

तो घुटमळला. बायकोने त्याच्या हातातला फोन काढून घेतला आणि शिक्षिकाबाईंपुढे धरला.

“ताई, जरा सांभाळाल? वाजला तर तुम्हीच सांगा काय ते. तुम्हाला आता सगळं माहीतच आहे.”

शिक्षिकाबाईंनी मासिक मिटलं आणि मुकाट्याने हात पुढे केला.