वळणापर्यंत

यामिनी : म्हणजे सही केली की दिवसभर पट्टा?

सुष्मिता : दिवसा, चाकाच्या खुर्चीला बांधून. रात्री पलंगाला कठडा आहेच. तुमच्या आईंस विचारून कळायचे नाही, म्हणून तुमची सही.

यामिनी : सिस्टर, दिवाळीत ती वॉकर धरून जेवणघरापर्यंत जात होती.

सुष्मिता : होय की. आणि पट्टा बांधला तर दोन महिन्यांत पाय जातील, तेही ठाऊक आहे मला. इथे कितीजणांचे पाहिले. आधी पाय जातात, मग माणूस बोलायचे सोडतो. पण महिन्यात तीनदा पडल्या. तीस जणांस आम्ही दोघी. उद्या कंबर मोडली तर तुम्हीच मला विचाराल.

यामिनी : विचारीन ना. शहराबाहेरून, ओरगडमहून दोन बस बदलून इथं अड्यारला तुमच्या वृद्धाश्रमात येते मी. भांडायचं बळच उरलेलं नाही. कुठं करू सही?

सुष्मिता : इथे. वरती पडल्याच्या तारखा घाला. आठ, पंधरा, बावीस.

यामिनी : थांबा. हे सगळे रविवार आहेत.

सुष्मिता : असतील.

यामिनी : किती वाजता पडली?

सुष्मिता : पाच, सव्वापाच. तिन्ही वेळा दाराशीच.

यामिनी : मी पाचला निघते. अहो, ती मला सोडायला येत होती.

सुष्मिता : त्यांस तुम्ही कोण ते कळत नाही, यामिनीताई.

यामिनी : नाहीच कळत. पण कुणीतरी आलंय, एवढं कळतं. एग्मोरला रेल्वेच्या क्वार्टर्समध्ये दुसऱ्या मजल्यावर राहायचो आम्ही. कुणीही आलं की ही दोन जिने उतरून फाटकापर्यंत सोडायला जाणार. माणूस वळणाआड होईपर्यंत जागची हलायची नाही. वर भाजी करपायची, बाबा करवादायचे. आणि मी काय करते? ‘येते हं आई’ म्हणते आणि मागं न बघता चालू पडते. बघितलं तर माझा पाय निघत नाही.

सुष्मिता : मग न सांगता जा. डुलकी लागली की हळूच.

यामिनी : माझं नाव गेलं, बाबा गेलेले विसरली. आल्यागेल्याला पोचवायला जायचं, एवढंच शिल्लक आहे तिच्यात. तेच बांधून ठेवू का?

सुष्मिता : सरी, ठीक आहे. फाटकापर्यंत घेऊन जा मग.

यामिनी : आणि परत आणून बसवली की मी पुन्हा निघणार. ती पुन्हा उठणार.

सुष्मिता : अय्यो. खरेच की.

यामिनी : द्या तो कागद.

सुष्मिता : असू दे तो. पाचला माझी पाळी सुटते. फाटकाशी मी येते, तुम्ही गेल्यावर त्यांस आत आणते. रविवारचेच तर आहे. पण अजून एकदा पडल्या, तर सही करायची.

यामिनी : करीन. तेव्हा वाद घालणार नाही.

(फाटकाजवळ. खोलीपासून इथवर यायला अर्धा तास लागला आहे.)

आई : रिक्षा मिळेल ना तुम्हाला?

यामिनी : मिळेल. दमलीस ना गं?

आई : इतकंसं तर आहे. आमची यामिनी घरी नाही, नाहीतर भेटली असती तुम्हाला. फार दगदग होते हो तिची.

यामिनी : सांगा तिला, मी येऊन गेले म्हणून.

आई : सांगते तर. बरं वाटेल तिला.

सुष्मिता : निघा तुम्ही. मी धरले आहे त्यांस.

यामिनी : येते हं.

आई : या, सावकाश जा. वळणापर्यंत मी उभी आहे.