पिठाच्या डब्यातला फोन

...नाही, पण मी म्हणतो, चपला काढायला लावा, पिशवी ठेवून घ्या, फोन कशाला काढून घेता हो माझा? तुम्हाला सांगतो, दारातच मला संशय आला! कलेचं प्रदर्शन आणि फोन जमा? वर दारावरची ती मुलगी गोड हसून, "काका, आत माणूस आणि मोबाइल यांच्या नात्यावरची कला आहे." नातं कसलं डोंबलाचं! तो माझ्यावर पाळत ठेवतो, मी त्याच्यावर!

अहो, हेर आहे तो! बायकोला म्हणालो गुडघा दुखतोय, की लगेच तेलाची जाहिरात हजर! तेव्हापासून घरात आलो की फोन पिठाच्या रिकाम्या डब्यात, वर झाकण, झाकणावर खलबत्ता. ऐक म्हटलं आता! आणि लेक परगावी गेल्यापासून व्हॉइस मेसेज पाठवायची ना, ते तर मी उघडलेच नाहीत. हल्ली आवाजाची हुबेहूब नक्कल करतात म्हणे... आवाज पोरीचा, पण बोलविता धनी कोण? संशय आला मला!

प्रदर्शन लेकीचंच. बायकोनं आधीच बजावलं, "निमूट बघा, तिथं तपास लावू नका." आत जातो तर काय... पांढरा चौथरा आणि त्यावर आमचा डबा! खलबत्त्यासकट! तरीच परवापासून फोन कुकरमध्ये ठेवावा लागत होता! बायकोकडे पाहिलं, तर ती छत बघतेय. फितूर!

लोक यायचे, डब्याला कान लावायचे आणि पुढे जायचे. म्हटलं, झालं, आपला गुडघा जगजाहीर! लावला मीही कान...

"बाबा, जेवलात का?" "बाबा, नोकरी लागली, आधी तुम्हालाच सांगतेय!" "बाबा, ताप आहे जरा... नुसतं हं म्हणा ना." "बरं... झोपलात वाटतं."

अहो, तिचाच आवाज हो! कसली नक्कल न् कसलं काय! पोर तापानं फणफणलेली आणि मी वर खलबत्ता ठेवून बसलोय! फार वाईट वाटलं मला. लेक पलीकडे पाहुण्यांत उभी, तिचा फोन मात्र तिच्याच हातात! तिच्याकडे बघायची हिंमत होईना. तडक बाहेर आलो, फोन सोडवून घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या हेराच्या तोंडाशी तोंड नेऊन बोललो, "हं. जेवलो गं बाई. ताप उतरला का तुझा?"

पाठवला. वाट बघतोय, वाट बघतोय... आलं उत्तर!

"कोण बोलतंय? माझे बाबा असं विचारत नाहीत."

आता बोला! संशय आला हो तिला! काय करणार... लेक माझीच!